पासिंगच्या आधीची आंघोळ

इंजिनाच्या डाव्या कुशीवर मळाचा जो थर बसला होता, त्याची जाडी चार मिलिमीटर होती. मोहिनीने ती व्हर्निअर कॅलिपरने मोजली. थर वरून मऊ होता, आतून घट्ट. काडीने ओढलं तर त्यावर लोण्यासारखा वळ उठायचा आणि बघता बघता पुन्हा बुजायचा. रंग काळा, पण टॉर्च तिरपा धरला की काळ्यात तांबूस झाक दिसे. मोहिनीने ती झाक पाहिली, हा गंज असणार असं मनाशी ठरवलं आणि पुढे गेली. अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईने तपासल्याशिवाय काही ठरवू नये. पण रविवार होता, आणि रविवारी शास्त्रज्ञही जरा सैल असतात.

"मोजल्याने मळ कमी होतो का?" हेमराजने विचारलं आणि तो शिंकला. "मिरचीच्या पथारीकडचा वारा सुटलाय वाटतं."

हेमराज म्हणजे मोहिनीचा नवरा. वीज कंपनीच्या कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसतो. दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकून त्याची कातडी जाड झाली आहे, पण शिव्या वेगळ्या आणि हसणं वेगळं. गेल्या आठवड्यात गाडी पासिंगला नेली तेव्हा लोक हसले होते, आणि ते त्याला फार लागलं होतं.

झालं असं, की गाडीला पंधरा वर्षं पुरी झाली. अशी गाडी पुन्हा पास करून घ्यावी लागते, आणि पास करणारे साहेब इंजिनावर कोरलेला नंबर बघतात. साहेबांनी बॉनेट उचललं. वाकून पाहिलं. चष्मा कपाळावर चढवून पुन्हा पाहिलं. एकदा शिंकले. मग अगदी सौम्य आवाजात त्यांनी विचारलं, "यात काय पेरलंय?"

मागच्या रांगेतले ट्रॅक्टरवाले खो खो हसले. साहेब हसले नाहीत, ते म्हणाले, "नंबर दिसत नाही. साफ करून आणा. पण खरवडू नका. पटाशी नको, तारेचा ब्रश नको. खरवडलेला नंबर म्हणजे संशयाचा नंबर. मग गाडी तुमचीच आहे, हे आधी सिद्ध करत बसाल."

म्हणजे मळ तर काढायचा, पण मळाखालच्या आकड्यांना त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. हेमराज हताश झाला. मोहिनी मात्र मनातून खूश झाली होती. तिच्या स्वभावाला साजेसं काम आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या सरकारी माणसाने तिला सांगितलं होतं.

ही नुसती गाडीची गोष्ट असती, तर एवढं काही नव्हतं. पण या गाडीच्या मागे खापर उभं होतं.

मोहिनीच्या संस्थेची एक शाळा खापरला आहे, अक्कलकुव्याच्या पुढे, गुजरातच्या हद्दीजवळ. तिथल्या मुख्याध्यापिकेची जागा रिकामी झाली आणि संस्थेचे अध्यक्ष रतिलालभाई यांनी ती मोहिनीला देऊ केली. ती एकदा विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने त्या शाळेत जाऊन आली होती. प्रयोगशाळेचं कपाट तिने उघडायला लावलं, तर आत काचेचं सामान जसं आलं तसं पेंढ्यात गुंडाळलेलं. तिने एक परीक्षानळी काढून उजेडात धरली. नळीला आजवर कसलाही रंग लागलेला नव्हता, कसलाही वास नव्हता. वर्गातली मुलं खिडकीतून बघत होती, नळीकडे, आणि मग तिच्याकडे. तिने नळी पुसून पुन्हा पेंढ्यात ठेवली, आणि त्या दिवसापासून ती नळी तिच्या डोक्यातून गेली नाही.

पण हो म्हणणं तिच्या तोंडून निघेना. रतिलालभाईंचा फोन आला की ती म्हणे, "गाडी पास झाली, आणि आईंच्या गुडघ्यांना जरा बरं वाटलं, आणि खापरच्या रस्त्याचं काम संपलं, तर मग मी विचार करीन म्हणते."

रतिलालभाई तापीकाठचे गुजर. कपाशी-केळीचे शेतकरी, बोलायला रोखठोक. ते एकदा म्हणाले, "मोहिनीबेन, हे हो आहे का नाही आहे? आमच्याकडे म्हैस विकणारासुद्धा इतक्या अटी घालत नाही, आणि त्याला तर म्हैस लाथ मारते हे माहीत असतं."

खरं सांगायचं तर खापरला गाडीवाचून जाता येत नाही असं मुळीच नाही. सकाळची एसटी आहे. निम्मे मास्तर त्याच एसटीने अप-डाऊन करतात. पण कारण म्हणून गाडीची सर एसटीला नाही. गाडी दारात उभी असते, सगळ्यांना दिसते, आणि तिच्याकडे बोट दाखवलं की पुढे कोणी विचारत नाही. मोहिनीकडे लायसन्स होतं, त्याला कितीतरी वर्षं झाली, आणि गाडी तिने गल्लीच्या टोकापलीकडे कधी नेली नव्हती. हेमराजही "पास झाली की बघू" म्हणायचा आणि पासिंगची तारीख पुढे ढकलायचा. दोघांचंही अगदी सोयीचं चाललं होतं. शेवटी रतिलालभाईंनीच सांगितलं, की सोमवारी मीटिंग आहे. तोवर उत्तर नाही आलं तर दुसरं नाव घेतलं जाईल.

म्हणून हा रविवार.

गल्लीत कोणी बॉनेट उघडलं की सल्ले आपोआप गोळा होतात. पहिल्या आल्या शेजारच्या गुलाबबाई. त्यांचं निम्मं आयुष्य मिरचीच्या पथारीवर देठ खुडण्यात गेलेलं. आता त्या घरी असतात आणि गल्लीवर लक्ष ठेवतात.

"काय करी ऱ्हायनी वं मॅडम? रॉकेल लाव, रॉकेल! मन्हा भाऊ ट्रॅक्टर रॉकेलमाच धोस. एकदम कोरं व्हई जास."

"कुठे आहे तो ट्रॅक्टर?" मोहिनीने विचारलं.

"तो? तो जळी गया," गुलाबबाई म्हणाल्या. "पन त्याना रॉकेलशी काय संबंध?"

मग कोपऱ्यावरचा गॅरेजवाला मेहबूब आला. त्याने आत डोकावून पाहिलं आणि एखाद्या जुन्या इमारतीकडे बघावं तशा आदराने तो मागे सरकला. "भाभी, दो मिनट का काम है. पेट्रोल मारतो, पुसून टाकतो. पण माझं ऐकाल तर हात लावूच नका. हा मैल नाही, पॅकिंग आहे. हा निघाला तर तेल कुठून कुठून येईल, मी सांगू शकत नाही."

"पेट्रोलची वाफ एका ठिणगीने पेटते," मोहिनी म्हणाली.

"माझं कधी पेटलं नाही."

"ट्रॅक्टरवाल्यानेही आदल्या दिवशी हेच म्हटलं असेल."

मेहबूब हसत हसत निघून गेला. या सगळ्यात मोहिनीच्या सासूबाई, मंगलाबाई, ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी राखेची सूचना केली, कारण भांडी राखेनेच निघतात. मोहिनीने नम्रपणे राखही नाकारली.

"आनि ते लाल लाल काय दिसस?" गुलाबबाईंनी बोट दाखवलं.

हा प्रश्न यायला नको होता. मोहिनी ताठ उभी राहिली. लोखंड, हवेतला ऑक्सिजन, दमटपणा, आणि या तिघांपासून होणारं फेरिक ऑक्साइड, हे तिने गल्लीला समजावून सांगितलं. सोप्या भाषेत, उदाहरणासह. मध्येच मंगलाबाईंनी लसूण खाली ठेवून काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पण सून शिकवत होती. शिकवताना मध्ये बोलायचं नसतं, एवढं त्यांना चौथीपर्यंतच्या शाळेतही कळलं होतं. त्यांनी लसूण पुन्हा हातात घेतला.

मोहिनीची पद्धत पक्की होती. इंजिन रात्रभर थंड झालेलं. बॅटरीची ऋण तार आधी सोडवलेली. पाणी जिथे जाता कामा नये त्या सगळ्या जागा झाकलेल्या: हवा ओढणाऱ्या नळीचं तोंड, फ्यूजची पेटी, आणि पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारा तो गोल डबा. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, रबरबँडने बांधल्या होत्या. खाली जुनी परात, तिच्यात लाकडाचा भुसा, म्हणजे तेलकट पाणी गटारीत जायला नको. मळ सुटा करणारं पाण्यात मिसळायचं औषध दुकानातून आणलेलं. रंगाचा मऊ ब्रश, दात घासायचे जुने ब्रश, हातमोजे, आणि डोळ्यांना कॉलेजच्या प्रयोगशाळेतला चष्मा. पाण्याचा जोर नाही, फवारा नाही, ओंजळी-ओंजळीने पाणी. नळाला आज पाण्याचा दिवस नव्हता, त्यामुळे शास्त्राला काटकसरीचीही जोड मिळाली.

हेमराजकडे टॉर्च धरण्याचं काम दिलं होतं. ते त्याला कमीपणाचं वाटत होतं.

"पेशंट कसा शे?" गुलाबबाई दर थोड्या वेळाने विचारत. "शुद्धीवर उना का?"

मोहिनीने ब्रश औषधात बुडवला. औषध लावून मळाला भिजत ठेवायचं होतं. वरच्या कोपऱ्यात, वायरींच्या मागे, चिंध्यांसारखं काही कोंबलेलं दिसलं. मेहबूबच्याच कोणत्या तरी जुन्या दुरुस्तीचं असेल, असं समजून तिने त्यालाही औषध पाजलं. मळ फुगू लागला. थराच्या कडा सुटल्या. त्या तांबूस झाकेचे ओघळ होऊन खाली, धूर बाहेर नेणाऱ्या नळीवर उतरू लागले, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला.

"मोहिनीबेन, मी नंदुरबारातच आहे," रतिलालभाई म्हणाले. "लग्नाला आलोय. पंगत उठलीय, आता तुमच्याकडेच येतो. आज तोंडावर सांगा, म्हणजे मला उद्या मीटिंगमध्ये तोंड दाखवता येईल."

ती आत जाऊन बोलत राहिली. गाडीचं काम चालू आहे, असं तिने तीन वेगवेगळ्या वाक्यांत सांगितलं.

बाहेर हेमराज टॉर्च धरून एकटा उभा. समोर फेसाळलेलं इंजिन. मळ भिजतोय की नुसताच बसलाय, हे बघून समजत नव्हतं.

"असं गार गार कदी निंघी का?" गुलाबबाई म्हणाल्या. "तवा तापेल ऱ्हायना का मंगच मळ सुटस. इतलं बी कळत नही का तुमले?"

आता हा सल्ला हेमराजला पटला, यात त्याचा दोष नाही. तवा त्याच्या परिचयाचा होता, औषध नव्हतं. शिवाय सकाळपासून त्याला कोणी एक तरी गोष्ट स्वतःच्या हाताने करू दिली नव्हती. त्याने फेसातूनच हात घालून बॅटरीची तार जागेवर बसवली, आत बसला आणि किल्ली फिरवली.

इंजिन सुरू झालं. इतक्या सहज, की हेमराज स्वतःच चकित झाला. पट्टा फिरला, तशी त्या गोल डब्यावरची दुधाची पिशवी गरगरून चिंध्या होऊन उडाली. हवेच्या नळीवरची पिशवी आत खेचली जाऊन फडफडू लागली. आणि मग धुराची नळी तापली.

पुढे जे झालं त्याला गल्लीत आजही फोडणीच म्हणतात. आधी चर्र असा आवाज आला. मग एक पांढरट, जाडसर धूर उठला, आणि पुढच्या पंख्याने तो अख्ख्या गल्लीत वाटला.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. नंदुरबारचा माणूस मिरचीला ठसकत नाही. गावाबाहेर पथारींवर लाल मिरचीचे गालिचे पसरलेले असतात, वारा तिकडून आला की बाहेरगावचे पाहुणे रुमाल शोधतात आणि गावकरी त्यांच्याकडे दयेने बघतात. हा गावाचा मान आहे. त्या दिवशी तो मान गेला. समोरच्या घरातून ठसक्याचा आवाज आला, मग वरच्या मजल्यावरून, मग भाजीची गाडी घेऊन आलेला माणूस गाडी टाकून पळाला. मेहबूब आग लागली समजून ओलं पोतं घेऊन धावत आला आणि पोत्यातच तोंड लपवून उभा राहिला. गुलाबबाई, ज्यांनी आयुष्यभर मिरचीत हात घालून भाकरी खाल्ली होती, त्या ओट्याचा खांब धरून खोकत होत्या आणि खोकता खोकता सांगत होत्या, "पहिलांदा! इतल्या वर्सात पहिलांदा!"

मोहिनी फोन टाकून बाहेर धावली. चष्मा आणि हातमोजे तिने आत काढून ठेवले होते. श्वास रोखून तिने हेमराजच्या अंगावरून हात घालून किल्ली बंद केली. किल्लीला हेमराजचे भिजलेले हात लागलेले. मग तिने, एखाद्या अशिक्षित माणसासारखं, त्याच हाताने डोळे पुसले.

आता तिला रंगाचं कोडं उलगडलं. लोखंड, ऑक्सिजन आणि दमटपणा, तिघेही निर्दोष होते.

"ती मन्ही मिरची शे," ओट्यावरून मंगलाबाईंचा आवाज आला. त्यांनी नाकाला पदर लावला होता, पण आवाजात पश्चात्ताप अजिबात नव्हता. "उंदरंस्नी वायरी खादी व्हती ना? तवयपासून दर दसराले गाडीनी पूजा व्हयनी का मी तठे मिरचीन्या पुरचुंड्या ठेवस. जुनी काढत नही. जुनी बी कामनी शे."

हेमराज खोकत बाहेर आला. भ्यायला की त्याची ऑफिसची मराठी गळून पडते. "माय! मंग सांगं काबरं नही?"

"कोनी इचारं मले?" मंगलाबाई म्हणाल्या. "मी सांगाले गऊ, तर मॅडमना वर्ग चालू व्हता."

हे खरं होतं. गाडीत बसलं की घरातली सगळी माणसं शिंकायची, इतकी वर्षं. दर वेळी कोणीतरी म्हणायचं, पथारीकडचा वारा. भर पावसाळ्यात, पथारी रिकाम्या असतानाही हेच म्हटलं जायचं. दुसऱ्या कुठल्या गावात असं घडलं असतं, तर तिथल्या लोकांनी गाडीच तपासली असती. इथे आळ घ्यायला अख्खं गाव तयार होतं. तेलात विरघळत, धुळीत मिसळत, दसऱ्यामागून दसरे मिरची त्या थरात जिरत गेली, आणि मोहिनीने ती कॅलिपरने मोजली होती.

गुलाबबाईंनी माणुसकीच्या भरात तांब्याभर पाणी आणून मोहिनीच्या तोंडावर मारलं. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतो. त्याला दूध लावावं, पाण्याने तो फक्त पसरतो. हे मोहिनी दर वर्षी अकरावीला सांगते. आताही सांगणार होती, पण घशातून आवाजच निघेना. ती नुसते हात हलवत राहिली. गुलाबबाईंना वाटलं, आणखी हवंय. त्यांनी दुसरा तांब्या मारला.

शेवटी मंगलाबाई गुडघे दुखत असूनही उठल्या, आत गेल्या, दूध आणि ताक घेऊन आल्या. दुधात भिजवलेला पदर त्यांनी सुनेच्या डोळ्यांवर धरला, आणि ताकाचा पेला तिच्या हातात दिला. कोणी काही न शिकवता त्यांनी हे अगदी बरोबर केलं. गुडघे बऱ्यापैकी चालत होते, हेही मोहिनीने एका डोळ्याने पाहिलं.

धूर विरत असतानाच गल्लीच्या तोंडाशी रतिलालभाई दिसले. लग्नाचा फेटा डोक्यावर, रुमाल नाकावर. सगळ्या गल्लीचे डोळे लाल बघून ते थबकले.

"कोणी गेलं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नही भाऊ," गुलाबबाई म्हणाल्या. "गाडी धुई ऱ्हायनूत."

रतिलालभाईंनी भिजलेल्या, लाल नाकाच्या, हातात ताकाचा पेला धरलेल्या आपल्या भावी मुख्याध्यापिकेकडे पाहिलं. सभ्य माणूस होते. त्यांनी फक्त घसा साफ केला. तो साफ व्हायला बराच वेळ लागला.

"नंबर दिसतोय!" हेमराज बॉनेटखालून ओरडला. खरंच दिसत होता. फेस ओघळून गेला होता आणि आकडे स्वच्छ, न खरवडलेले, एका रेषेत उभे होते. मग त्याचा आवाज खाली आला. "पण पिशवी आत गेलीय गं. आता पुन्हा चालू होईल की नाही, सांगता येत नाही."

"उघडून बघावं लागेल," मेहबूब पोत्यातून म्हणाला. "आठ दिवस, पंधरा दिवस. आज काय सांगू?"

कारण पुन्हा दारात येऊन उभं राहिलं होतं. पहिल्यापेक्षा जास्त भक्कम.

"मोहिनीबेन," रतिलालभाई म्हणाले, "उद्या मीटिंग. मी उभ्या उभ्या ऐकून जातो. बोला."

मोहिनीकडे वाक्य तयार होतं. नेहमीचंच; आता तर त्यात आणखी एका अटीची भर पडली होती. तिने तोंड उघडलं. "गाडी—" म्हणाली आणि ठसकली. पुन्हा सुरुवात केली. "आईंचे गु—" आणि ठसकली. मंगलाबाईंनी स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि मग सुनेकडे, जरा रागाने. रस्त्याच्या कामापर्यंत तर श्वास पोचलाच नाही. अटी घालायला दम लागतो. दोन-तीन शब्दांपुरताच दम उरलेला असला, की त्यात काय बसवायचं ते निवडावं लागतं.

गल्ली खोकायची थांबली होती. मोहिनीने ताकाचा एक घोट घेतला. डोळे मिटल्यावर तिला पेंढ्यातली ती नळी दिसली, कसलाही रंग न लागलेली.

"अगं, गाडीचं तर अजून—" हेमराज म्हणाला.

तिने हात वर करून त्याला थांबवलं.

"मी येते," ती रतिलालभाईंना म्हणाली. "एसटीने."